वीज गेली की ठोकणारा बॉयलर: शिवाजी पेठेतल्या एका घराचं प्रकरण

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतलं दुमजली घर. माणसं नऊ, न्हाण्या दोन, मागं परडं आणि परड्यात जुनं न्हाणीघर. गच्चीवर सोलर आहे, पण मृगाचा पाऊस लागला की सप्टेंबरपर्यंत त्याचा भरवसा नाही. त्या काळात तांब्याचा बंब पेटायचा. घरच्यांना तीन गोष्टी हव्या होत्या: दोन्ही न्हाण्यांत नळाला गरम पाणी, आजींच्या खोलीत डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे थोडी ऊब, आणि पावसाळ्यात कपडे वाळवायला एक कोरडी खोली. तिसरी मागणी किरकोळ वाटते खरी, पण जुलैत नऊ माणसांचे कपडे तीन-तीन दिवस दोरीवर दमट राहतात तेव्हा तीच पहिली होते.

त्यासाठी स्थानिक फॅब्रिकेटरकडून लाकडावर चालणारी शेगडी, म्हणजे छोटा बॉयलरच, करून घेतली आणि जुन्या न्हाणीघरात बसवली. लोखंडी पेटी, तिच्या मागच्या आणि दोन्ही बाजूंच्या भिंती दुहेरी, ६ मिमी प्लेटच्या, मधल्या पोकळीत साधारण १५ लिटर पाणी. तळाला बिडाची जाळी, खाली राखेचं दार. पेटी उत्तम होती. कोल्हापुरात वेल्डिंगच्या आणि ओतकामाच्या कामात खोट निघणं तसं अवघडच. खोट निघाली ती पेटीच्या बाहेर, पाइपांत.

पहिल्याच पावसाळ्यात एका संध्याकाळी शेगडी रंगात असताना वीज गेली आणि पाणी फिरवणारा पंप थांबला. पाव तासात पाइपांत ठोके सुरू झाले, मग शेगडीला पाणी पुरवणाऱ्या, गच्चीवरच्या छोट्या प्लास्टिकच्या टाकीतून वाफ निघू लागली. टाकीची एक बाजू मऊ पडून फुगली आणि आतला प्लास्टिकचा बॉल व्हॉल्व्ह वाकला. कुणाला इजा झाली नाही. घरातल्यांचा प्रश्न मात्र रास्त होता: बंब इतकी वर्षं पेटतोय, त्याला कधी काही झालं नाही, मग ह्यालाच का?

बंबाचं पाणी उघडं असतं. वरून गार ओतलं की तेवढंच गरम तोटीतून बाहेर पडतं, आणि उकळलं तर वाफ वरच्या तोंडातून निघून जाते. त्याच आगीभोवतीचं पाणी पाइपांत कोंडलं की ते तोंड आपण बुजवलेलं असतं. त्याच्या बदल्यात दुसरं तोंड द्यावं लागतं, आणि ते कुणाच्याही हातून कधीच बंद होणार नाही अशी मांडणी करावी लागते. गीझर बटणानं थांबतो. पेटलेलं चार किलो लाकूड थांबत नाही. वीज जावो, पंप जळो, घरची सगळी माणसं अंबाबाईच्या दर्शनाला गेलेली असोत, ती उष्णता कुठेतरी गेलीच पाहिजे.

उष्णतेचा हिशेब

एक लिटर पाणी एक अंशानं तापवायला एक किलोकॅलरी लागते. माणशी २५ लिटर, अंगाला सोसेल असं ४२ अंशांचं पाणी धरलं तर नऊ जणांना २२५ लिटर. हिवाळ्यात गच्चीच्या टाकीतलं पाणी २० अंश धरू. २२५ × २२ म्हणजे ४,९५० किलोकॅलरी. साठवण ६० अंशांवर असेल तर त्यातलं फक्त १२४ लिटर पाणी खर्च होतं, बाकीचं गार न्हाणीत मिसळतं. म्हणजे घरात बसवलेली २०० लिटरची टाकी पुरून उरते. ती २० वरून ६० अंशांवर न्यायला ८,००० किलोकॅलरी, विजेच्या भाषेत सव्वानऊ युनिट. शेगडी पाण्याला साधारण ६ किलोवॅट देते, तेव्हा दीड-पावणेदोन तास धरावेत.

चांगलं वाळलेलं, २० टक्क्यांच्या आत ओल असलेलं लाकूड किलोला साधारण ३,५०० किलोकॅलरी देतं. त्यातली निम्मी पाण्यात उतरते, उरलेली धुराड्यातून आणि पेटीच्या अंगातून जाते. म्हणजे किलोमागं १,७५० किलोकॅलरी आणि एका टाकीला साडेचार किलो लाकूड. हेच लाकूड पावसात भिजलेलं, निम्मं पाणी धरलेलं असेल तर किलोची उष्णता दोन हजारांच्या आसपास येते, आग मंदावल्यानं पाण्यापर्यंत पोचणारा वाटाही घटतो, आणि त्याच टाकीला दहा-अकरा किलो लागतं.

हा झाला रोजचा हिशेब. सुरक्षेचा हिशेब वेगळा आहे आणि बसवताना कुणी तो मांडलेलाच नव्हता. टाकी आधीच ६० अंशांवर आहे, पेटीत नुकतंच ४ किलो लाकूड घातलंय आणि वीज गेली. येणारी उष्णता ७,००० किलोकॅलरी. टाकी ६० वरून ८५ वर जाताना ५,००० पोटात घेते. पंपाशिवाय तापणारा एखादा रेडिएटर (आत गरम पाणी फिरवून खोली तापवणारा सांगाडा) असेल तर तो तासाला साडेसहाशे घेतो. उरतात हजार-बाराशे, तेवढ्यानं दोन-सव्वादोन लिटर पाण्याची वाफ होईल. एवढी वाफ उघड्या नळीतून सहज जाते आणि तेवढं पाणी छोटी टाकी परत भरते. पण पेटीत एकदम १० किलो कोंबलं तर हे गणित कोलमडतं. म्हणून ह्या घरात एका वेळी ४ किलो ही मर्यादा ठरवली आणि शेगडीशेजारी तेवढंच लाकूड मावेल अशी लोखंडी पेटी ठेवली. वजनकाटा घेऊन रोज कोण बसणार?

पाइप कुठे चुकले होते

गरम पाणी हलकं होऊन वर चढतं आणि गार खाली उतरतं, ह्यावर पाणी पंपाशिवाय फिरतं. गच्चीवरचा सोलर ह्याच तत्त्वावर चालतो. पण हा जोर किती असतो ते मोजून पाहण्यासारखं आहे. इथे टाकीचा मध्य शेगडीच्या मध्यापेक्षा २.५ मीटर वर आहे. चढणारं पाणी ८० अंशांचं आणि उतरणारं ६० चं असेल तर फिरवणारा दाब अवघा पावणेतीन सेंटीमीटर पाण्याइतका. छोटा पंप चार-पाच मीटरचा दाब देतो. म्हणजे पंपावर खपून जाणारी चूक इथे खपत नाही: एक अरुंद पाइप, दोन जादा एल्बो, एक झोळ, की फिरणं बंद.

झोळच सापडला. शेगडीतून वर निघालेला पाइप सीपीव्हीसीचा (गरम पाण्यासाठीच्या प्लास्टिकचा), एक इंची होता आणि तुळईखालून साडेतीन मीटर आडवा नेऊन दोन्ही टोकांना क्लॅम्पनं घट्ट आवळला होता. सीपीव्हीसी तापला की लोखंडाच्या पाचपटीहून जास्त लांबतो. साडेतीन मीटरचा पाइप ६० अंशांनी तापला की १३-१४ मिमी वाढतो. टोकं आवळलेली असल्यामुळे ती वाढ बाजूला जायला जागा नाही, मग पाइप मध्यात लोंबतो. लांबीतली १३ मिमी वाढ ऐकायला क्षुल्लक, पण तिचा झोळ दहा सेंटीमीटरच्या पुढं जातो. गार झाल्यावरही इथे सहा सेंटीमीटर झोळ कायम राहिलेला होता. झोळाच्या अलीकडचं कोपर आता सगळ्यात उंच झालं आणि पाणी तापताना सुटणारी हवा तिथे जमली. पंप चालू असेपर्यंत तो ही हवा रेटून नेत होता, म्हणून तोवर कुणाला कळलं नाही. पंप थांबला त्या क्षणी पेटीतल्या १५ लिटर पाण्याला जायला वाट उरली नाही. ६ किलोवॅटला १५ लिटर पाणी ७० वरून उकळीला आणायला पाचच मिनिटं लागतात. ऐकू आलेले ठोके म्हणजे पेटीत झालेली वाफ पुढच्या थंड पाण्यात आपटून विरत होती.

दुसरी चूक जास्त गंभीर होती. शेगडी आणि टाकी यांच्यामध्ये गेट व्हॉल्व्ह बसवला होता, दुरुस्तीला सोयीचा म्हणून, आणि हवानळी, म्हणजे हवा-वाफ बाहेर सोडणारी उघडी नळी, त्या व्हॉल्व्हच्या पुढं काढलेली. कुणी तो पूर्ण बंद करून शेगडी पेटवली असती तर पेटी म्हणजे झाकण डकवलेलं भांडं. हवानळीसुद्धा अर्धा इंची, आणि टपटप आवाज नको म्हणून तिचं टोक गच्चीवरच्या छोट्या टाकीतल्या पाण्यात बुडवलेलं. त्या संध्याकाळी व्हॉल्व्ह अर्धा उघडा होता, एवढ्यावरच निभावलं.

तिसरी गोष्ट धोक्याची नव्हती, नासाडीची होती. न्हाणीतल्या नळाला येणारं पाणी थेट शेगडीतून आणि लोखंडी रेडिएटरमधून फिरत होतं. पाणी बोअरचं. रोज नवं पाणी आलं की त्याबरोबर नवे क्षार आणि नवा प्राणवायू येतो. आतल्या प्लेटवर तीन मिलिमीटर खपली धरलेली होती, आणि सकाळी पहिल्या बादलीला तांबूस पाणी यायचं ते रेडिएटरच्या गंजाचं.

काय बदललं

शेगडी तीच ठेवली. खपली सौम्य आम्लानं काढून पेटी चार वेळा धुतली. बाकीची मांडणी नव्यानं केली.

शेगडीचं पाणी आणि न्हाणीचं पाणी वेगळं केलं. बोअरच्या जड पाण्यासाठी सोलरवाले दुहेरी भिंतीची टाकी बनवतात, तशी २०० लिटरची, ५० मिमी पफ (उष्णता धरून ठेवणारा फोम) असलेली टाकी माळ्यावर बसवली. बाहेरच्या पोकळीत शेगडीचं पाणी फिरतं, आतल्या स्टीलच्या टाकीत न्हाणीचं. शेगडीकडचं पाणी आता वर्षानुवर्षं तेच राहतं, त्यात गंजरोधक मिसळता येतं. आतल्या टाकीलाही स्वतःची वेगळी हवानळी दिली.

शेगडी ते टाकी हा मुख्य फेरा सव्वा इंची सी क्लास (जाड भिंतीच्या) काळ्या लोखंडी पाइपचा केला. जीआय, म्हणजे जस्त चढवलेला पाइप, इथे मुद्दाम टाळला, कारण ६० अंशांच्या पुढं जस्ताच्या थराचा भरवसा राहत नाही. गरम पाइप शेगडीपासून टाकीपर्यंत सतत चढता, दर मीटरला किमान २ सेंमी; परतीचा सतत उतरता. काटकोनी एल्बोच्या जागी लांब वळणाचे बेंड. खोलता यावं म्हणून युनियन आहेत, व्हॉल्व्ह एकही नाही. जोडांना धागा-सफेदा, नुसती टेप तापून-निवून ढिली होते.

हवानळी एक इंची, गरम पाइपच्या सर्वात उंच जागेवरून सरळ वर, छोट्या टाकीतल्या पाण्याच्या पातळीपेक्षा ४५ सेंमी उंच नेऊन खाली वाकवली. टोक पाण्याच्या वर मोकळं. टाकी स्टीलची ५० लिटरची, बॉल व्हॉल्व्ह पितळी, गोळा तांब्याचा. तिच्यातून पाऊण इंची पाइप थेट परतीच्या पाइपला, त्यालाही व्हॉल्व्ह नाही. सगळ्या फेऱ्यात मिळून ६० लिटर पाणी आहे. २० पासून ९० अंशांपर्यंत ते साडेतीन टक्के फुगतं, म्हणजे दोन लिटर. तेवढी जागा टाकीत रिकामी राहावी म्हणून गार असताना पातळी ओव्हरफ्लोच्या १० सेंमी खाली ठेवली.

रेडिएटर बाजारातून आणण्याऐवजी पाइपांच्याच शिड्या केल्या: एक इंची पाइपचे आडवे दांडे, दोन्ही बाजूंना उभे हेडर. मोकळा एक इंची पाइप ७० अंशांच्या पाण्यावर खोलीत मीटरला ५० वॅटच्या आसपास उष्णता सोडतो. दांडे एकावर एक असल्यानं थोडी घट धरायची. वाळवणीच्या खोलीत दोन मीटरचे आठ दांडे, म्हणजे १६ मीटर, सातशे-साडेसातशे वॅट. ही शिडी मुख्य फेऱ्यावर आहे, पंपाशिवाय तापते आणि तिलाही व्हॉल्व्ह नाही. शेगडीच्या क्षमतेच्या किमान दहावा भाग असा बिनबंद असावा हा नेम. ६ किलोवॅटला ६०० वॅट, इथे थोडा जास्त आहे. कपडे तिच्यावर थेट टाकायचे नाहीत, अर्धा फूट पुढं दोरी बांधायची आणि वरची झडप उघडी ठेवायची. दमट हवा बाहेर गेली नाही तर खोली नुसती कोमट आणि ओली होते. आधीच्या रेडिएटरला चांदी रंग दिला होता, फॅब्रिकेशनच्या सवयीनं. ॲल्युमिनियमचा रंग उष्णतेचं उत्सर्जन अडवतो. साधा ऑइल पेंट, कुठल्याही रंगाचा, बरा.

आजींची खोली आणि खालचा सोपा इथल्या बारा-बारा मीटरच्या शिड्या मात्र पंपावर आहेत, स्वतंत्र फाट्यावर. व्हॉल्व्ह फक्त ह्या फाट्यावर. परतीच्या पाइपला थर्मोस्टॅट बांधला: पाणी ४५ अंश झाल्याशिवाय पंप लागत नाही. नाहीतर गार पाणी सतत पेटीत येत राहतं, आतली भिंत तापत नाही आणि तिच्यावर धुरातलं डांबर ओघळतं. दुसरा थर्मोस्टॅट गरम पाइपवर, ८५ अंशांचा. तो भिंतीवरचं बटण बंद असलं तरी पंप चालू करतो. पंप ६० वॅटचा, घरच्या इन्व्हर्टरवर रात्रभर चालेल. पण सुरक्षा इन्व्हर्टरच्या भरवशावर ठेवू नये. २०१९ च्या ऑगस्टमधला महापूर ज्यांनी पाहिला त्यांना वेगळं सांगायला नको.

न्हाणीकडे जाणाऱ्या पाइपवर ४५ अंशांचा मिक्सिंग व्हॉल्व्ह बसवला, तो गरमात गार पाणी मिसळून नळाला तेवढंच गरम सोडतो. हा खर्च टाळण्याजोगा नाही. टाकी कधी ना कधी ८५ अंशांवर जाणार आहे आणि तेव्हा नळ उघडणारं लहान मूल असू शकतं.

चाचणी

पाणी खालच्या टोकानं, हळू भरलं, म्हणजे हवा वर सरकत हवानळीतून निघते. पहिली आग दोन किलोची, पंप बंद. वीस मिनिटांत परतीचा पाइप हाताला कोमट लागला तर फेरा फिरतोय; गरम पाइप चटका देतोय आणि परतीचा गार आहे तर हवा अडकली, आग वाढवायची नाही.

खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी. टाकी ६० अंशांवर आणून पेटीत ४ किलो वाळलेलं लाकूड, राखेचं दार पूर्ण उघडं, आणि पंपाचा एमसीबी पाडला. दर दहा मिनिटांनी गरम पाइपवरचा थर्मामीटर वाचला. पाणी ९३ अंशांपर्यंत चढलं, तिथं थबकलं आणि उतरू लागलं. कोल्हापूरच्या उंचीवर पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं, म्हणजे पाच अंश हाताशी राहिले. हवानळीच्या तोंडातून किंचित वाफ, पाणी नाही. पंप चालू असताना त्याच तोंडातून पाणी पडत राहिलं तर पंपाची जागा चुकली असं समजावं. तसं झालं तर फेऱ्यात सतत हवा मिसळते आणि शिड्या आतून गंजतात. ही परीक्षा दिल्याशिवाय काम ताब्यात घेऊ नये, बसवणारा कितीही घाईत असो.

तरीही कधी ठोके ऐकू आले तर काय करायचं ते शेगडीमागच्या भिंतीवर लिहून ठेवलं आहे. राखेचं दार आणि वरचं दार बंद. दोन्ही न्हाण्यांतले गरम नळ सोडायचे, टाकीत गार पाणी येईल आणि ती उष्णता ओढेल. निखारे काढायचेच तर फावड्यानं लोखंडी बादलीत, परड्यात न्यायचे. आगीवर पाणी ओतायचं नाही: बिडाची जाळी तडकते आणि वाफ तोंडावर येते. पेटीतलं पाणी आटल्याची शंका असेल तर तीत गार पाणी सोडायचं नाही, पूर्ण निवू द्यायची.

धुराडं आणि लाकूड

आधीचं धुराडं चार इंची सिमेंटच्या पाइपचं होतं, भिंतीतून आडवं काढून वळचणीखाली सोडलेलं. हा पाइप आगीसाठी नसतो, तापून फुटतो. शिवाय पश्चिमेचा वारा सुटला की सगळा धूर परत न्हाणीघरात. त्याजागी सहा इंची ३०४ स्टीलचं, शेगडीपासून ५ मीटर सरळ उभं, कौलांच्या आढ्याच्या एक मीटर वर टोपीसह नेलं. एकेरी नळी लाकडी वाशांपासून दीड फूट लांब, आणि छपरातून जाताना दुहेरी, मध्ये रॉकवूल. तळाला काजळी काढायचं दार.

त्या न्हाणीघरात आता आंघोळ करायची नाही. भिंतीला सहा इंच चौरस जाळी बसवली आहे, तिच्यासमोर पोती किंवा पत्रा लावायचा नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि बंद न्हाणीत पेटतं काहीही ठेवणं जिवावर बेततं.

लाकूड बाभूळ किंवा सुबाभूळ, फूटभर लांब, तीन-चार इंच जाड चिरलेलं, पावसाळ्याचा साठा मार्चमध्येच फोडून छपराखाली रचलेला. करवंट्या पेटवायला उत्तम. गुऱ्हाळावरचं चिपाड फुकट मिळतं म्हणून सगळ्यांना मोह होतो, पण ते भुर्रकन जळतं आणि पेटी सारखी भरत बसावं लागतं. बगॅसच्या, म्हणजे चिपाडाचा भुसा दाबून केलेल्या, ब्रिकेट चांगल्या, लाकडात निम्म्यानं मिसळून. नुसत्याच वापरल्या तर राख वितळून जाळीवर खंगर धरतो आणि खालून हवा लागत नाही.

एवढा खटाटोप नुसत्या आंघोळीसाठी करू नये. ते काम बंब आणि सोलर मिळून स्वस्तात करतात. वाळवणीची खोली ह्या हिशेबात आली म्हणून इथे तो परवडला.

देखभाल थोडी आहे. राख रोज, पण जाळीवर बोटभर थर राहू द्यावा, जाळी कमी भाजते. पेटीच्या आतल्या भिंती आठवड्याला तारेच्या ब्रशनं. काजळीचा पातळ थरसुद्धा पाण्याकडे जाणारी उष्णता अडवतो. धुराडं पावसाळ्यात महिन्याला. मे महिन्यात गच्चीवर जाऊन हवानळीचं तोंड पाहायचं, कुंभारीण माशीनं मातीचं घर केलेलं असतं. छोट्या टाकीचा गोळा हातानं दाबून पाणी येतं का बघायचं. तो व्हॉल्व्ह अधूनमधून आपोआप सिसकारत असेल तर फेऱ्यात कुठेतरी गळती आहे. आधी युनियन तपासाव्यात, मग पंपाची सील.